वाळत घातलेल्या कपड्यांसकट

जुन्या मुंबईचे फोटो काढायला निघालेला माणूस बोरीबंदरला उतरतो. तिथून फोर्ट, मग ओव्हल मैदान, आणि उतरतं ऊन मरीन ड्राइव्हसाठी राखून ठेवलेलं. दादरला कुणी उतरत नाही. म्हणजे उतरतात लाखो, पण फुलं घ्यायला, साडी बदलून आणायला, नाहीतर वेस्टर्नची गाडी सोडून सेंट्रलची पकडायला. मान वर करून इमारती बघायला नाही. मला हा नाद लागलाय, आणि तो लागल्यापासून माझ्याबरोबर बाजारात यायला घरातलं कुणी तयार नसतं.

2018 च्या जूनमध्ये युनेस्कोने ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पूर्वेला हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या टोकदार दगडी इमारती, पश्चिमेला 1930 च्या दशकातली आर्ट डेको, म्हणजे गोल कोपऱ्यांच्या आणि भौमितिक नक्षीच्या तेव्हाच्या नव्या फॅशनची घरं, आणि जोडीला मरीन ड्राइव्हची समुद्राकडची ओळ. एकूण 94 इमारती. त्या दिवशी सगळ्या मुंबईची कॉलर ताठ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण यादी दक्षिण मुंबईतच संपली. शिवाजी पार्कच्या भोवती, हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांत, पारशी कॉलनीत, पाच उद्यानांच्या कडेने माटुंग्यापर्यंत त्याच घराण्यातल्या, थोड्या कमी श्रीमंत इमारती उभ्या आहेत. मरीन ड्राइव्हच्या गोल गॅलऱ्या बघून ‘वा!’ म्हणणारा दादरकर घरी येतो आणि तशाच गोल गॅलरीत चपला काढतो. त्याच्या लेखी ती ‘आमची जुनी बिल्डिंग’ असते. जिथे सिंटेक्सची टाकी गळते आणि सोसायटीच्या मीटिंगला कोरम होत नाही, तिला वारसा कसं म्हणणार?

या वस्तीचं मूळ प्लेगात आहे. 1896 साली मुंबईत साथ आली, गिरगाव-मांडवीच्या कोंदट चाळींत माणसं पटापट गेली, आणि 1898 साली सरकारने शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. शहराच्या उत्तर टोकाच्या शेतवाडीत ट्रस्टने रस्ते आखले, प्लॉट पाडले, दोन घरांमध्ये वारा खेळायला जागा सोडायला लावली. पारशी कॉलनी उभी राहण्यामागे इंजिनिअर मंचेरजी जोशींची चिकाटी होती. शिवाजी पार्कचं मैदान 1925 मध्ये खुलं झालं, तेव्हा ते माहीम पार्क होतं; दोन वर्षांनी, शिवजयंतीच्या त्रिशताब्दीला, त्याला आजचं नाव मिळालं. आज त्या रस्त्यांवर चालताना डोक्यावर झाडांची कमान लागते आणि दोन घरांमध्ये मोकळी पट्टी दिसते. ती प्लेगने दिलेली आहे. एवढं कळल्यावर त्या पट्टीत कुणी स्कूटर लावलेली दिसली की मला उगीच राग येतो.

प्लॉट आधी पडले, घरं मात्र बरीचशी नंतर उठली, आणि तोवर सिमेंट आलं होतं. 1936 साली देशातल्या बऱ्याच सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली, म्हणजे किती खप होत असेल बघा. दगडात कोपरा गोल करायचा तर पाथरवटाचे महिने जात. सिमेंटला सुताराने फळ्यांचा साचा गोल बांधला की झालं. म्हणून या इमारती कोपऱ्यावर आल्या की वळतात. दादर टीटीला खोदादाद सर्कलपाशी मध्ये उभं राहून बघा (म्हणजे सिग्नल लाल असताना बघा). आजूबाजूच्या इमारती सर्कलला पाठ न दाखवता त्याच्याबरोबर वाकलेल्या आहेत. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, इथे ट्रामचं शेवटचं स्टेशन होतं. ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली, पण रस्त्याची ती ऐसपैस गोलाई अजून टिकून आहे.

आणि आत काय होतं? आत ‘ब्लॉक’ होता. चाळीतल्या कॉमन नळाच्या आणि गॅलरीच्या टोकाच्या संडासाच्या मानाने ही क्रांतीच. स्वतःची मोरी, स्वतःचा संडास, बंद होणारं दार. 1937 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाउन हॉलमध्ये ‘आदर्श घरा’चं प्रदर्शन भरवलं आणि नव्या घरात काय-काय असावं ते लोकांना सजवून दाखवलं. दादरच्या मध्यमवर्गाला त्यातलं सगळं परवडलं नसणार. पण जेवढं परवडलं तेवढं त्याने दर्शनी भिंतीवर लावलं. कारकून, मास्तर, वकील, डॉक्टर यांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘आपण आधुनिक आहोत’ असं रस्त्यावरून दिसेल असं म्हटलं. मला या इमारतींत हे सगळ्यात जास्त आवडतं. मरीन ड्राइव्हवर श्रीमंतांची हौस दिसते, इथे बेताच्या पगारातली.

ही हौस कुठे बघायची? सगळ्यात आधी ग्रिलमध्ये. जिन्याच्या खिडकीला, गॅलरीच्या कठड्याला, फाटकाला लोखंडी पट्ट्या वाकवून केलेली नक्षी असते. उगवता सूर्य, लाटा, कारंजं, नागमोडी, क्वचित कमळ किंवा ॐ. गंमत अशी की हा सूर्य पॅरिस-न्यूयॉर्कच्या फॅशनचा, पण मुंबईच्या लोहाराने केला की त्याची किरणं देव्हाऱ्यातल्या प्रभावळीवर जातात. आर्किटेक्टने कागदावर काय काढलं होतं कोण जाणे. पट्टी वाकवणाऱ्या हाताला प्रभावळ ठाऊक होती. म्हणूनच एकाच गल्लीत दहा सूर्य असतात आणि दोन सारखे नसतात.

मग नावं. सिमेंटमध्ये उठावदार अक्षरांत, बहुधा दाराच्या वर. निवास, सदन, भुवन, कुटीर, महल. तीन मजली कुटीर आणि दोन खोल्यांचे महल या भागात भरपूर. काही मालकांनी आईचं नाव दिलं, काहींनी इंग्रजी मुळाक्षरांना असं कोनात बसवलं की वाचायला रस्ता ओलांडावा लागतो. देवनागरी अक्षरांचा थाट तर वेगळाच. शिरोरेघ जाड, काने ताठ, वेलांटीला अर्धवर्तुळाचा झोक. या अक्षरांवरून रंगाचे इतके हात फिरलेत की काही ठिकाणी ‘भुवन’ फुगून ‘भूवन’ झालंय.

फोटोग्राफी शिकवणारे सांगतात, दुपारी बाराला कॅमेरा बाहेर काढू नका. दक्षिणेकडे तोंड असलेल्या या घरांसाठी मी हे ऐकत नाही. यांच्या प्रत्येक मजल्यावर खिडक्यांच्या डोक्यावरून एक सलग छज्जा जातो, कोपऱ्यावरून वळून पुढे जातो. सकाळच्या तिरप्या उन्हात ती नुसती पट्टी वाटते. ऊन डोक्यावर आलं की तिची सावली खिडकीवर उतरते आणि मग कळतं की ही पट्टी काचेवरचं ऊन अडवायला आहे. पावसाळ्यात दुसरा धडा. छज्जाच्या खालच्या कडेला बोटभर खाच ठेवलेली असते, पाणी तिथे तुटून खाली पडावं, भिंतीकडे ओघळू नये म्हणून. जिथे दुरुस्तीवाल्याने प्लास्टर करताना ती खाच बुजवली, तिथे भिंतीवर काळा ओघळ आलाच म्हणून समजा. ऑक्टोबरमध्ये, रंग काढायच्या आधी, हे ओघळ बघत फिरलं तर कुठल्या इमारतीला बरा मिस्त्री मिळाला ते फुटपाथवरून सांगता येतं.

अख्खी इमारत मात्र चौकटीत मावत नाही. रस्ता अरुंद, मध्ये झाड, त्याखाली टेम्पो. मोबाइलची रुंद लेन्स लावली की घर दोन्ही बाजूंनी कलंडल्यासारखं दिसतं आणि म्हाडाने धोकादायक इमारत म्हणून नोटीस द्यावी असं वाटतं. समोरच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी मिळाली तर उत्तम, पण त्यासाठी ओळख लागते. म्हणून मी तुकडे काढते. एक वळण, एक कठडा, एक पायरी.

इथे माझं आणि बाकीच्या हौशी मंडळींचं पटत नाही. त्यांना घर ‘स्वच्छ’ हवं असतं. वाळत घातलेले कपडे नकोत, एसीची पेटी नको, डिश अँटेना नको, गॅलरी बंद करून लावलेल्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या तर नकोतच. काही जण फोटोतून केबलच्या वायरी पुसून टाकतात. मग जे उरतं ते 1938 सालचं घर, ज्यात कुणीच राहत नाही. पण ती गॅलरी बंद झाली तेव्हा घरात काय घडलं होतं? मुलाचं लग्न ठरलं होतं आणि खोली हवी होती. किंवा नातू दहावीला होता. खिडकीबाहेर काढलेल्या पिंजऱ्यात तुळस, पिंप आणि लहान मुलाची सायकल एकत्र नांदतात, ते त्या घराचं पुढचं प्रकरण आहे. मूळ ग्रिलमधला सूर्य आणि त्याच्यावर ठोकलेला पिंजरा, दोन्ही एका चौकटीत आले की मला फोटो जमला असं वाटतं. सौंदर्याच्या दृष्टीने पिंजरा भयंकर आहे, हे मान्य.

हा नाद करायला सगळ्यात मोठी अडचण उजेडाची नाही, संशयाची आहे. वॉचमन उठून येतो. “मॅडम, फोटो अलाऊड नाही.” का, ते त्यालाही माहीत नसतं. तळमजल्यावरच्या काकू पडदा बाजूला करून विचारतात, “कुठून आलात? बिल्डरकडून का?” नाही म्हटलं तर, “मग म्हाडाकडून?” तेही नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा थोडा पडतो असा माझा अंदाज आहे. एका आजोबांनी मला सरळ सांगितलं, “अहो, ग्रिलचे कसले फोटो काढता? ते बीम बघा, बीम. त्याचे काढा आणि कुठे छापून आणा.” मी काढले. बीमच्या तळातलं प्लास्टर गळून पडलं होतं आणि आतली सळई पापुद्रे सुटून दुप्पट जाड झाली होती.

आजोबांचं म्हणणं खरं होतं. समुद्राची खारट हवा, त्या काळात सळईवर ठेवलेला सिमेंटचा पातळ थर, आणि वर्षानुवर्षं झिरपणारं पाणी. लोखंड गंजलं की फुगतं, फुगलं की काँक्रीट आतून फोडतं. भिंतीतून बाहेर काढलेल्या त्या देखण्या गोल गॅलऱ्या बहुधा पहिल्यांदा जातात, कारण त्यांना खालून आधार नसतो. त्यात 1947 चा भाडे नियंत्रण कायदा. भाडी 1940 च्या पातळीला बांधली गेली. ते भाडेकरूला वरदान ठरलं आणि इमारतीला शाप, कारण तेवढ्या भाड्यात मालक गच्चीचं डांबरसुद्धा करू शकत नाही. अशा इमारतींचं वय सांगायला दारावर साल सापडेलच असं नाही, पण राहणारे लोक लगेच सांगतात: “आमची ए कॅटेगरी.” म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी), 1 सप्टेंबर 1940 च्या आधीची. स्थापत्याच्या इतिहासाची कालगणना मुंबईकराला म्हाडाच्या वर्गवारीतून पाठ आहे.

म्हणून ‘पाडू नका हो’ असा गळा काढायची माझी हिंमत होत नाही. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात, गुडघे धरून चढणाऱ्या बाईला मी कुठल्या तोंडाने सांगू की तुमच्या जिन्याचा कठडा फार सुंदर आहे, तो राहू द्या? तिला लिफ्ट हवी. माझी तक्रार वेगळी आहे. पाडायच्या आधी सागवानी दारं आणि चौकटी काढून विकल्या जातात, कारण त्यांना भाव आहे. ग्रिल मात्र भंगारात किलोवर जातं. ते नव्या टॉवरच्या लॉबीत एका भिंतीवर लावायला काय खर्च येतो? त्या लॉबीत इटालियन संगमरवर लागतो, प्लास्टिकची झाडं लागतात, पण सूर्य लागत नाही.

ओव्हलवरची एम्प्रेस कोर्ट आणि मरीन ड्राइव्हवरचा 1937 चा सूना महल ही आर्किटेक्ट जी. बी. म्हात्रे यांची कामं. त्यांच्या नावाने अभ्यासक निदान बोलतात तरी. दादरच्या बहुतेक घरांवर कुणाचंच नाव नाही. महापालिकेच्या कुठल्या तरी फायलीत नकाशावर सही असेल, आणि लोहाराची, सुताराची, सिमेंटची अक्षरं ओढणाऱ्याची तर तिथेही नसेल.

सध्या मी जिन्यांच्या मागे आहे. बाहेरून दिसते ती फक्त जिन्याची उंच, चिंचोळी खिडकी, तळापासून गच्चीपर्यंत गेलेली. आत गेल्याशिवाय कळत नाही की तिच्यातला उजेड प्रत्येक वळणावर कसा पडतो, पायऱ्यांची मोझेकची लादी कडेला कुठल्या रंगाची पट्टी घेऊन चढते, आणि कठड्याचं लाकूड पहिल्या खांबाशी येऊन गोगलगायीसारखं गुंडाळतं की सरळ थांबतं. यासाठी मात्र वॉचमनच्या पलीकडे कुणीतरी आपलं माणूस लागतं. शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, माटुंगा, कुठेही तुमचा असा जिना असेल तर बोलवा. चहाचं बघू नका. रीडेव्हलपमेंटच्या कागदावर सह्या झाल्या असतील तर जरा लवकर बोलवा, आणि गच्चीची किल्ली कुणाकडे असते तेवढं आधी विचारून ठेवा.