हिरवा मासा आणि किचनमधला काटा

हाँगकाँगला यौ मा तेईच्या जेड मार्केटमधून (जेड म्हणजे दागिन्यांत वापरतात तो मौल्यवान, बहुधा हिरवा दगड) घेतलेला छोटा कोरीव मासा परवा पुन्हा हातात घेतला, आणि हा खरंच जेडचा आहे का अशी मनात शंका आली ती काही जाईना. मग किचनमधला डिजिटल काटा काढला. मासा भरला ५३ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य केला आणि मासा दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला, तळाला टेकू न देता, तर काटा म्हणाला २० ग्रॅम, म्हणजे माशाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. ५३ भागिले २० म्हणजे २.६५, ही पाण्याच्या तुलनेत माशाची घनता, आणि जेडचे दोन प्रकार, त्यातलं खरं जेडाइट ३.३ च्या आसपास असतं, नेफ्राइट ३ च्या जवळ. म्हणजे हा रंगवलेला क्वार्ट्झाइट, क्वार्ट्झचा साधा दगड!! फार वाईट वाटलं खरंच.

नंतर भिंगातून बघितलं तर शेपटीजवळच्या बारीक भेगांमध्ये हिरवा रंग जाळ्यासारखा साचलेला. काचेचा असता तर बुडबुडे दिसले असते.

आणि हो, सुईने ओरखडा काढून बघू नका प्लीज, क्वार्ट्झाइटवर पण ओरखडा उठत नाही आणि दुसऱ्याची वस्तू खराब होते ती वेगळीच. ॲसिडने धुऊन पॉलिमर भरलेलं जेडाइट मात्र वजनात सहज पकडता येत नाही, त्याला लॅबच लागते. महागडं काही घेणार असाल तर आधी रिपोर्ट मागा.