तुम्ही विचारलंत म्हणून: प्रवाळाच्या गोळ्या गुडघ्याला चालतील का?

नवी मुंबईतल्या एका फार्मसी कॉलेजात मी औषधशास्त्र शिकवते. ठाण्याहून सुटणाऱ्या पनवेल गाडीच्या लेडीज डब्यात मी सगळ्यांची 'औषधवाली मॅडम'. हल्ली तिथे एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "मॅडम, समुद्रातल्या प्रवाळात सूज उतरवणारं औषध सापडलंय ना? मग या कोरलच्या गोळ्या गुडघ्याला घेऊ का?"

सूज उतरवू शकणारे पदार्थ सापडलेत, हे खरं. पण या गोळ्या त्यासाठी घेऊ नका.

घोटाळा 'प्रवाळ' या शब्दात आहे. आपल्याला प्रवाळ म्हटलं की अंगठीतलं पोवळं आठवतं, नाहीतर प्रवाळपिष्टी. हा त्या जिवाचा सांगाडा, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. घणसोलीला चढणाऱ्या एका मावशींनी मला त्यांची 'कोरल कॅल्शियम'ची बाटली दिली. घरी एक कॅप्सूल उघडून पूड वाटीत ओतली, वर अर्धं लिंबू पिळलं. फस्सकन पांढरा फेस वाटीच्या काठापर्यंत आला. चुनखडीची पूड टाकली असती तरी असाच आला असता. यातून कॅल्शियम मिळेल, सूज उतरणार नाही. मावशींना आमवात आहे आणि या बाटलीच्या भरवशावर त्यांनी डॉक्टरांची गोळी तीन महिने बंद ठेवली होती. बोटांचे सांधे इतके सुजले होते की पर्सची चेनसुद्धा शेजारणीला उघडून द्यावी लागत होती. ते पाहून मला फार वाईट वाटलं.

संशोधक ज्यावर काम करतात ती सॉफ्ट कोरल वेगळी. दगडी भिंत नाही, अंग मऊ, चामड्यासारखं, प्रत्येक इवल्या तोंडाभोवती आठ शुंडकं. जागचं हलता येत नाही आणि कवचही नाही, मग माशांपासून वाचायचं कसं? ती अंगातच रसायनं बनवतात. कॅरिबियन समुद्रातल्या प्लेक्झॉरा होमोमॅला या जातीत १९६९ साली प्रोस्टाग्लँडिन सापडलं, तेही भरपूर. याच घराण्यातले रेणू आपल्या शरीरात सूज आणि वेदना वाढवतात. तिथे मात्र ते खाल्लेला मासा ओकतो आणि पुन्हा त्या प्रवाळाच्या वाटेला जात नाही. वर्गात हे सांगताना मला दरवर्षी तितकाच आनंद होतो.

सॉफ्ट कोरलमधल्या सूज उतरवणाऱ्या रेणूंत सगळ्यात नावाजलेले स्यूडोटेरोसिन. अमेरिकी संशोधक विल्यम फेनिकल आणि रॉबर्ट जेकब्स यांच्या गटांनी १९८६ मध्ये बहामाजवळच्या एका चाबकासारख्या प्रवाळातून ते वेगळे काढले. उंदराच्या कानावर मुद्दाम आणलेली सूज ते लावल्यावर उतरली. पुढे एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या एका क्रीममध्ये त्या प्रवाळाचा अर्क आला. लक्षात घ्या, क्रीममध्ये, पोटात घ्यायच्या गोळीत नाही.

आपल्या बाजूच्या उबदार समुद्रांत सार्कोफायटॉन आणि सिन्युलारिया ही सॉफ्ट कोरल असतात. तैवानच्या प्रयोगशाळांनी त्यांच्यातून कितीतरी रेणू काढले. उंदराच्या पांढऱ्या पेशी बशीत वाढवायच्या, जिवाणूंच्या आवरणातला एक पदार्थ घालून त्यांना चिडवायचं आणि रेणू टाकल्यावर आयनॉस आणि कॉक्स-टू ही सूज वाढवणारी प्रथिनं घटतात का ते मोजायचं. काही रेणूंनी ती घटतात. सांधेदुखीवरची एटोरिकॉक्सिबची गोळी हेच कॉक्स-टू अडवते, म्हणून आम्ही उत्सुक आहोत. पण बशीतली पेशी म्हणजे मावशींचा गुडघा नव्हे. रेणू रक्तात टिकतो का, यकृताला सोसतो का, डोस किती, हे सगळं त्यानंतर तपासायचं असतं.

शिवाय माल आणायचा कुठून? थोड्याशा रेणूसाठी प्रवाळ खरवडत बसायचं हे मला पटत नाही. आपल्याकडे समुद्रपंखे, म्हणजे पंख्यासारखी पसरणारी प्रवाळं, कायद्यानं संरक्षित आहेत. २०२२ मध्ये मात्र एक मोठी गोष्ट कळली: स्यूडोटेरोसिनसारख्या, टर्पीन या रासायनिक वर्गातल्या रेणूंचा पाया रचणारी जनुकं खुद्द प्रवाळाच्या पेशीत आहेत, त्याच्या अंगावर राहणाऱ्या जिवाणूंत नाहीत. ती जनुकं प्रयोगशाळेतल्या जिवाणूत घालून रेणू बनवता आले, तर समुद्राला हात लावावा लागणार नाही. माझी सगळी आशा तिथे आहे.

मावशींनी डॉक्टरांची गोळी पुन्हा सुरू केली आहे. तुमच्याकडे अशी बाटली असेल तर गाडीत घेऊन या, लेबल वाचून सांगते. तोवर चालू असलेलं औषध बंद करू नका.