सासरेबुवांच्या खापरपणजोबांचा पब: माझा अनुभव

माझे सासरे इंग्लंडमधल्या शेफील्डचे, वय 78, आणि लग्न झाल्यापासून मी त्यांच्या तोंडून एकच गोष्ट ऐकत आलेय की आमच्या खापरपणजोबांचा नीपसेंड भागात स्वतःचा पब होता, रॉयल ओक नावाचा, आणि त्यांनी तो पिऊन घालवला. दर ख्रिसमसला ही गोष्ट होतेच. गेल्या हिवाळ्यात मी सहज बोलून गेले की बाबा शोधूया का खरंच, आणि मग जे काय सुरू झालं ते सहा महिने पुरलं.

पहिली चूक म्हणजे मी पबच्या नावाने शोधत बसले. रॉयल ओक हे इंग्लंडमधलं इतकं कॉमन नाव आहे की आपल्याकडे मारुतीचं देऊळ शोधण्यासारखंच झालं ते. त्यात दोन आठवडे गेले. दुसरी चूक म्हणजे आडनाव जुळतंय म्हणून एका भलत्याच माणसाचा मृत्यूदाखला पैसे भरून मागवला, तो निघाला वाहतुकीच्या घोड्यांकडे बघणारा, आमचा नव्हेच.

मग एकदम नाशिक आठवलं. मी मूळची नाशिकची, आजोबा गेले तेव्हा माझ्या वडिलांबरोबर रामकुंडावर गेले होते आणि तिथल्या उपाध्यायांनी आडनावाच्या आधी काय विचारलं, तर मूळ गाव कोणतं. गाव सांगितल्यावर त्यांनी नामावळीची लांबडी वही काढली आणि पाच मिनिटांत पणजोबांची सही दाखवली. म्हणजे माणसं हलतात, गाव हलत नाही. म्हटलं इथेही तेच करू, माणूस सोडायचा आणि जागा धरायची.

जागा मिळाली 1861 च्या जनगणनेत. सासऱ्यांच्या पणजोबांचं नाव माहीत होतं, ते तेव्हा 3 वर्षांचे, त्यांच्यावरून घर सापडलं. (इथल्या बऱ्याच लायब्रऱ्यांमध्ये वंशावळीच्या पेड साईट्स फुकट वापरता येतात, घरून सबस्क्रिप्शन घेण्याआधी तिथे जा, मी उगाच तीन महिने भरले.) वडिलांच्या नावापुढे धंदा लिहिलेला: टेबल नाईफ ग्राइंडर अँड बीअर सेलर. म्हणजे दिवसा चाकूंना धार लावायची आणि घरातल्या पुढच्या खोलीत बीअर विकायची. सासरेबुवा जरा खट्टू झाले, त्यांच्या डोक्यात पितळी नळांचा मोठा बार होता.

झालं असं की 1830 च्या बीअरहाऊस कायद्याने कर भरणाऱ्या कुठल्याही कुटुंबप्रमुखाला 2 गिनी भरून बीअर विकायचं लायसन्स मिळायला लागलं, मॅजिस्ट्रेटकडे जायची गरज नाही, फक्त दारू म्हणजे जिन-ब्रँडी वगैरे विकायची नाही. त्यामुळे गल्लोगल्ली अशी घरं निघाली. आणि आपली पंचाईत अशी की ही लायसन्सं एक्साईजकडची, त्यांचे कागद फारसे उरलेच नाहीत. 1869 नंतर पुन्हा मॅजिस्ट्रेटचा ताबा आला आणि 1872 च्या कायद्यापासून लायसन्सची रजिस्टरं ठेवायला लागले, तेव्हा तुमचे पूर्वज त्यानंतरचे असतील तर तुम्ही नशीबवान.

आधीच्या काळासाठी ट्रेड डिरेक्टऱ्या, म्हणजे धंदेवाल्यांच्या नावपत्त्यांची छापील पुस्तकं. व्हाईट्स, केलीज, पिगॉट्स. लेस्टर विद्यापीठाने ढिगाने स्कॅन करून फुकट ठेवल्यात. पण त्यात बीअरहाऊसची यादी वेगळी असते आणि तिथे बऱ्याचदा पबचं नाव नसतंच, नुसता माणूस आणि पत्ता, म्हणून तर मला रॉयल ओक सापडत नव्हता. घराचे नंबरही मधेच बदललेले, त्यासाठी स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साईटवरचे जुने नकाशे लावून बसले (नाव स्कॉटलंडचं असलं तरी इंग्लंडचेही आहेत).

1868 नंतर मात्र खापरपणजोबा गायबच. मृत्यूदाखला यावेळी बरोबर माणसाचा आला, वय 40, कारण ग्राइंडर्स अस्थमा. शेफील्डच्या धारवाल्यांची ही ठरलेली गत, दगडाची आणि पोलादाची धूळ छातीत जायची आणि चाळिशीच्या आतबाहेर माणूस संपायचा. सासरेबुवा दाखला हातात घेऊन बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, म्हणजे पिऊन नाही.

आता 1876 च्या डिरेक्टरीत त्या आडनावाचा एकही बीअरवाला नाही. पण पत्ता तोच, माणूस दुसराच. मी म्हटलं संपलं, धंदा विकला. तरी मधली 1871 ची जनगणना बघितली तर त्याच घरात खापरपणजी, विधवा, पाच मुलं, आणि धंद्याच्या रकान्यात स्वच्छ लिहिलंय बीअरहाऊस कीपर! म्हणजे नवरा गेल्यावर बाईनेच चालवलं. मग तो दुसरा माणूस कोण, तर तिचा दुसरा नवरा. 1874 चा लग्नाचा दाखला मागवला, वधू विधवा आणि राहण्याचा पत्ता तोच. लग्न झालं की लायसन्स नवऱ्याच्या नावावर, दारावरची पाटी त्याची, जनगणनेत ती नुसती वाईफ, धंद्याचा रकाना कोरा. आणि गंमत म्हणजे 1881 ला धाकटी मुलंसुद्धा सावत्र बापाच्या आडनावाने लिहिलीत. आडनावाने शोधत बसले असते तर सात जन्मात सापडली नसती. तुमच्याही वंशावळीत पबचा माग मधेच तुटत असेल तर विधवेकडे आणि तिच्या नव्या आडनावाकडे आधी बघा. वर्तमानपत्रात लायसन्स ट्रान्सफरच्या बारीक बातम्या यायच्या, त्यातही कधीकधी जुनं-नवं नाव एकत्र मिळतं.

सगळ्यात भारी कागद अगदी शेवटी मिळाला, तोही एका लायब्ररीयन बाईंनी सुचवला म्हणून. 11 मार्च 1864 च्या रात्री शेफील्डच्या वर डेल डाईकचं धरण फुटलं, दोनशे चाळीसच्या आसपास माणसं गेली, नीपसेंड पाण्याखाली. (आपल्याकडे पानशेत, तसंच, आणि पानशेतसारखंच तेही धरण नवंकोरं होतं.) नंतर लोकांनी भरपाईचे सहा हजारांहून जास्त दावे केले आणि ते सगळे इंडेक्स करून ऑनलाईन आहेत, पबवाल्यांचेही. आमचा दावा निघाला! यादी बघा: बीअरचे पिंप, बाकडी, थुंकदाण्या, डॉमिनोचा एक सेट, स्वयंपाकघरातलं घड्याळ, मुलांचे कपडे आणि एक डुक्कर. थुंकदाणी धारवाल्यांच्या पबात का लागायची ते वेगळं सांगायला नको.

त्या जागेवर आता गाड्यांचं गॅरेज आहे. आम्ही जाऊन आलो, फोटो काढले, मालकाला वाटलं गाडी दाखवायला आलोय. रॉयल ओक हे नाव एकाही कागदात नाही, ते सासरेबुवांनी गुपचूप सोडून दिलं. पण दाव्याची रक्कम पूर्ण न देता कमी करून एकरकमी दिलीय, कशाचे किती कापले ते लिहिलेलं नाही, आणि सासरेबुवा त्यावर अडून बसलेत की डुकराचे पैसे पूर्ण मिळायलाच हवे होते. परवाही फोनवर तेच.