क्यार वादळ आणि धुळ्यात आलेला बांगडा

धुळ्याला समुद्र नाही, पण माझं पोट समुद्राच्या मासळीवर चालतं. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन्ही महामार्ग इथे मिळतात, म्हणून मुंबईचा माल एका अंगाने येतो, गुजरातचा दुसऱ्या. पहाटे गाडी लागली की पेटी उघडून मी आधी बर्फ बघतो, मग मासा.

ऑक्टोबर हा आमच्या धंद्यात फार जपून राहायचा महिना. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी ३१ जुलैलाच उठलेली असते, पाऊस परतलेला असतो, वारा पडतो. पण खाली पाणी तापलेलं असतं आणि त्यातूनच वादळ उठतं. २०१९ ला ऐन दिवाळीत ‘क्यार’ उठलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, ते महाचक्रीवादळ झालं. २००७ च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रात एवढं मोठं हेच. किनाऱ्यावर न आदळता ते ओमानच्या दिशेने सरकलं, पण समुद्र पार ढवळून गेलं. अमावास्येचं उधाण म्हणजे काठाजवळ प्रवाहात पिशवीसारखी डोल जाळी लावणाऱ्या डोलवाल्यांची एरवी चंगळ. भरती-ओहोटीच्या ओढीनेच बोंबील, जवळा, मांदेली जाळ्यात येतात. त्या अमावास्येला लाटा पाहून ओळखीच्या डोलवाल्यांनी जाळी काढून ठेवली. खोल पाण्यातल्या बोटी देवगड, रत्नागिरीच्या आसऱ्याला उभ्या राहिल्या.

म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बांगड्याच्या पेट्या आल्या तेव्हा मी चरकलो. सगळ्या बोटी बंदरात असताना हा माल आला कुठून?

पहिली पेटी फोडली. चुरा बर्फ सुटा असतो, हातात घेतला तर बोटांतून गळतो. हा एकसंध दगड झाला होता, म्हणजे वाटेत वितळून पुन्हा गोठलेला. बांगड्याचा कल्ला उचलला तर लालऐवजी विटकरी. पोट दाबलं, बोटाचा खड्डा तसाच राहिला. वास मात्र फारसा नव्हता, आणि तीच धास्ती. बांगडा, सुरमई, कुपा या जातीचा मासा पुरेसा थंड राहिला नाही की त्यात हिस्टामीन तयार होतं. ते नाकाला कळेलच असं नाही, आणि तळून, उकळून, पुन्हा गोठवूनही जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात.

किनाऱ्यावरच्या दलालाला फोन लावला. बरेच आढेवेढे घेऊन त्याने सांगितलं, “भाऊ, बोट वादळाआधीच भरली होती. आसऱ्याला अडकली, तिथे बर्फ संपला.”

गिऱ्हाईक दारात उभं होतं. दिवाळीला माहेरी आलेल्या लेकी, पाहुणे, आणि बाजारात दुसरा समुद्राचा मासा नाही. खानावळीचे शेठ म्हणाले, “मसाला जास्त लावू, कोणाला कळतंय?” आठवडी बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या मावशींनी विचारलं, “सुरमई नई शे, बांगडाबी नई देत. मीठ लावीसन वाळवू का, भाऊ?” त्यांचा प्रश्न खरा होता, त्यांची त्या दिवसाची चूल त्यावर होती. मी सांगितलं, मिठानेही ते विष जात नाही. त्यांना उकाई धरणाच्या फुगवट्यातला, नवापूरकडून आलेला रोहू-कटला उधारीवर दिला. शेठ रागावून गेले, पुढे बरेच दिवस माझ्याकडे फिरकले नाहीत. बांगडा खड्डा खणून, चुना टाकून पुरला. नुकसान माझंच झालं, दलालाने एक पैसाही उचलला नाही. तरी त्या मासळीचा एकही तुकडा कोणाच्या ताटात गेला नाही, याचं मला आजही समाधान आहे.

त्याच दिवशी लक्षद्वीपजवळ ‘महा’ उठलं. एकाच समुद्रात एकाच वेळी दोन वादळं. मी बांगड्याची मागणीच बंद केली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी ‘महा’ गुजरातच्या समुद्रात विरलं, तेव्हा आमच्याकडे आधी बोंबील आला, कारण काठाजवळची बोट त्याच दिवशी परत येते. खोल पाण्यातली बोट आठ-दहा दिवस बाहेर राहते, तिच्या बांगड्याला अजून वेळ होता. तोवर ज्याने विचारलं त्याला मी बोंबीलच दिला, आणि बोट कधी सुटली, बर्फ कुठे भरला, हे फोनवर विचारल्याशिवाय एकही पेटी गाडीत चढू दिली नाही.