ओझूला बाकरवडी

"मावशी, खरं सांग, एवढं विमानाचं तिकीट काढून तू एका माणसाचं थडगं बघायला आलीस?"

भाचीचा प्रश्न रास्त होता. ती टोकियोच्या पूर्वेला निशी-कासाईत राहते. तिथे भारतीय मंडळी इतकी आहेत की कोपऱ्यावरच्या दुकानात तूरडाळ आणि कढीपत्ता दोन्ही मिळतं. तिने माझ्यासाठी फुजी, डिस्नेलँड, झालंच तर कुठल्याशा घुबडांच्या कॅफेचा बेत आखून ठेवला होता. माझ्या वहीत मात्र चारच ओळी होत्या: किता-कामाकुरा, ओफुना, शिंजुकुमधला एक बार आणि ओनोमिची. चारही ठिकाणं ओझूची. यासुजिरो ओझू, जपानी सिनेमा-दिग्दर्शक.

पुण्यात आमचा सात-आठ जणांचा सिनेमावेड्यांचा कंपू आहे. फिल्म इन्स्टिट्यूटच्या रसास्वाद शिबिरात पंचवीस वर्षांपूर्वी भेटलो, तेव्हापासून भांडतोय. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी एक पाकीट हातात ठेवलं. "ओझूला दे." आत अर्धा किलो बाकरवडी.

पहिल्याच रविवारी भाचीला घेऊन योकोसुका लाइनने निघाले. टोकियोहून किता-कामाकुरा तासाभराच्या आतच येतं. ओझूच्या १९४९ सालच्या 'लेट स्प्रिंग'मध्ये बाप आणि लेक याच लाइनने टोकियोला जातात. बराच वेळ नुसता प्रवास दिसतो, बाकी काही घडत नाही. मी तो तुकडा इतक्यांदा पाहिलाय की खिडकीबाहेर बघायचं सोडून गर्दीत बाप-लेक कुठे उभे असतील तेच शोधत होते. भाची मोबाइलमध्ये. एका अर्थी तीच खरी ओझूची लेक, असं मनात आलं, पण बोलले नाही.

एंगाकुजी स्टेशनाला लागूनच आहे. इतकं, की रुळ देवळाच्या आवारातूनच गेलेत. १२८२ साली स्थापन झालेलं झेन देऊळ, नोव्हेंबरअखेर, मेपल लालभडक आणि माणसांची जत्रा. त्या जत्रेतला एकही माणूस दफनभूमीच्या पायऱ्यांकडे वळत नव्हता. दफनभूमीत पाट्या जपानीत. मी ओझूच्या दगडावरचं एकच अक्षर पाठ करून गेले होते: 'मू'. म्हणजे नाही, शून्य, अभाव. वर ओझूचं नाव नाही की साल नाही. त्या अक्षराच्या मागे लागून मी दोन भलत्याच कुटुंबांच्या दगडांपुढे हात जोडून आले. शेवटी भाचीनेच एका झाडूवाल्या काकांना विचारलं. त्यांनी न बघता बोट दाखवलं. रोजचं असावं.

काळ्या दगडाचा चौकोनी ठोकळा. पुढ्यात दारूच्या बाटल्यांची रांग: साके, बिअर, एक छोटी व्हिस्की. ओझू पक्का पिणारा. कोगो नोदाबरोबर पटकथा लिहायला बसला की ती किती बाटल्यांत पुरी झाली याचा हिशेब ठेवायचा. जन्म १२ डिसेंबर १९०३, मृत्यू १२ डिसेंबर १९६३. बरोबर साठ. लग्न केलं नाही, १९५२ पासून इथेच आईबरोबर राहिला आणि जन्मभर मुलींच्या लग्नांचे सिनेमे काढले.

मी बाकरवडीचं पाकीट ठेवलं, तशी भाची ओरडली, "अगं, खायचं ठेवू नकोस! घारी येतात." कामाकुरातल्या घारी हातातला घास पळवतात, तशा सूचनाच लावलेल्या असतात. मग काय, नैवेद्य दाखवला, पाकिटाभोवती पाणी फिरवायचं तेवढं राहिलं. फोटो काढून पुण्याला पाठवला आणि प्रसाद म्हणून आम्हीच फोडला.

तेवढ्यात पाठीवर पिशवी घेतलेला एक मुलगा आला, हातात बिअरचा डबा. ब्राझीलचा. त्याचं इंग्रजी बेताचं, माझं पोर्तुगीज शून्य. त्याने विचारलं, आवडता कुठला? मी 'लेट स्प्रिंग' म्हटलं. त्याने नकारार्थी मान हलवली आणि एक पोर्तुगीज नाव घेतलं, ते मला कळेना. मग त्याने एकदम माझ्यावर दोन बोटं रोखली. क्षणभर दचकले आणि मग पेटलं! १९३२ चा मूकपट, 'आय वॉज बॉर्न, बट...'. त्यातली पोरं असाच खेळ खेळतात. म्होरक्याने बोटं रोखली की समोरच्याने मेल्यासारखं आडवं व्हायचं आणि त्याने दुसरी खूण केल्याशिवाय उठायचं नाही. दफनभूमीत आडवं पडणं मला बरं दिसेना, म्हणून मान टाकली. त्याने खूण केली, मी मान वर केली. भाची आमच्याकडे बघत उभी होती. तिच्या तोंडात बाकरवडी तशीच राहिली होती. त्या मुलालाही दोन दिल्या. तिखट लागली त्याला.

ओफुना एकच स्टेशन अलीकडे. शोचिकू कंपनीचा स्टुडिओ इथे १९३६ ते २००० होता. आता त्या जागेवर मुलींचं विद्यापीठ आहे. फाटकाबाहेर पाच मिनिटं उभी राहिले आणि परत फिरले, बघण्यासारखं काही नाही. पण १९३६ म्हटल्यावर पुणेकराला गप्प राहवत नाही. त्याच साली आमच्या प्रभातमध्ये 'संत तुकाराम' झाला. प्रभातची जागा तरी सिनेमाकडेच राहिली, १९६० साली तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आली. त्या आवारातल्या झाडांची आम्हाला इतकी सवय की त्याचं काही वाटत नाही. ओफुनाच्या फाटकाबाहेर वाटलं.

शिंजुकुतल्या गोल्डन गाई नावाच्या गल्ल्यांत दोनशेच्या वर बार आहेत, एकेक आपल्या वाड्यातल्या माजघराएवढा. त्यातल्या एकाचं नाव 'ला जते'. फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्करच्या, जवळजवळ सगळ्या स्थिर छायाचित्रांनी बनलेल्या १९६२ च्या लघुपटावरून ठेवलेलं. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सने ओझूच्या शोधात टोकियोत येऊन 'टोकियो-गा' हा माहितीपट केला, त्यात हाच बार आहे आणि त्यातच मार्कर अर्धा चेहरा लपवून बसलेला दिसतो. जिना शिडीसारखा. माझ्या गुडघ्यांनी तक्रार केली. वर गेल्यावर बसायला जागा दहा जणांना, भिंतीला सिनेमाची पोस्टरं आणि जगभरच्या दिग्दर्शकांच्या नावाच्या बाटल्या.

शेजारी एक फ्रेंच बाई आणि एक निवृत्त जपानी गृहस्थ. अर्ध्या तासात आमचं त्या फुलदाणीवरून जुंपलं. ज्यांनी 'लेट स्प्रिंग' पाहिलाय त्यांना कुठली ते सांगायला नको. क्योतोच्या मुक्कामात रात्री लेक बापाशी बोलतेय, बाप झोपून गेलाय. ती हसते. मग अंधारातली फुलदाणी. मग पुन्हा ती, आता रडवेली. या एका फुलदाणीवर युरोप-अमेरिकेत किती कागद काळे झालेत! फ्रेंच बाई म्हणाल्या, तो काळाचा चेहरा आहे. मी म्हटलं, तेवढ्या वेळात आपण तिच्याकडे बघत नाही, तिला रडायला एकांत दिलाय. जपानी आजोबा शांतपणे म्हणाले, मुक्कामाच्या जागी फुलदाणी असतेच. भाचीने सगळं भाषांतर केलं आणि माझ्या कानात पुटपुटली, "मावशी, आजोबा जिंकले."

आजोबांनी १९६६ साली, विद्यार्थी असताना, टोकियोत सत्यजित रायांचा 'पथेर पांचाली' पाहिला होता. काशफुलातली आगगाडी त्यांनी हातवारे करून दाखवली. बारमागच्या तरुणाला 'आरआरआर' तेवढा ठाऊक. मग मी मोबाइलवर 'संत तुकाराम' लावला. वैकुंठाचं विमान नाही, ते सगळेच दाखवतात. मी जिजाई लावली. पोर आजारी, नवरा भजनात, आणि ही बया तडक देवळात जाऊन पांडुरंगावर वहाण उगारते. गौरीचं काम. उपशीर्षकं नव्हती, भाचीने जमेल तशी जपानी केली. फ्रेंच बाईंनी विचारलं, कितीचा? १९३६ म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ही बाई अभिनय करत नाहीये. आजोबांनी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात याचं कौतुक झालं होतं हे सांगायला माझं तोंड उघडलं होतं, पण ते पडद्यात गुंतलेले पाहून मिटलं.

ओझूचा कॅमेरा जमिनीलगत असतो आणि त्याचं कारण जो तो तत्त्वज्ञानात शोधतो. छायाचित्रकार युहारू आत्सुता त्यासाठी पोटावर पालथा पडायचा. माझं मत साधं आहे आणि कंपूत ते कुणाला पटत नाही. मी आजीच्या घरी पाटावर जेवत वाढले. पाटावरून घर असंच दिसतं: येणाऱ्या बाईचे आधी पाय, मग निऱ्या, मग हातातली वाटी. दाराच्या चौकटीमागे दुसरी चौकट, तिच्यामागे तिसरी. पहिला ओझू पाहिला तेव्हा मला काही वेगळं वाटलंच नाही. वाटलं, कुणीतरी माझ्या पाटावर कॅमेरा ठेवलाय.

ओनोमिचीला एकटीच गेले. शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, फुकुयामा साडेतीन तास, तिथून साध्या गाडीने वीस मिनिटं. हिरोशिमा प्रांतातलं बंदर. डोंगर, उतारावर देवळं, खाली रूळ, रुळांखाली बाजार आणि मग चिंचोळी खाडी. पलीकडे मुकाइशिमा बेट, जहाजदुरुस्तीच्या क्रेन. 'टोकियो स्टोरी'तले म्हातारा-म्हातारी इथून निघतात, टोकियोतल्या मुलांना त्यांच्यासाठी वेळ नसतो आणि परत आल्यावर म्हातारी जाते. १९५३ चा सिनेमा. नोदाच्या डोक्यात लिओ मॅकेरीचा १९३७ चा 'मेक वे फॉर टुमॉरो' होता. तोच धागा त्याच सुमारास आपल्या राजा परांजपेंच्या 'ऊन पाऊस'मध्येही दिसतो: म्हाताऱ्या आईबापांची मुलांमध्ये वाटणी. २०१२ मध्ये जगभरच्या दिग्दर्शकांनी 'टोकियो स्टोरी'ला सर्वकालीन पहिला क्रमांक दिला. 'ऊन पाऊस'ची बरी प्रत कुणाकडे असेल तर कळवा, मी चहा-पोहे देईन.

पहाटे साडेपाचला उठून जोदोजीकडे निघाले. छत घातलेला लांबच लांब बाजार बंद, दोन मांजरं आणि मी. देवळाच्या पायऱ्या रुळांखालच्या बोगद्यातून सुरू होतात. वर पोचले तेव्हा साडेसहाच्या रेडिओवरचा व्यायाम नुकताच आटोपत होता. चार-पाच म्हातारे हात झटकत होते. अंगणात कबुतरं आणि दगडी दिवे. सिनेमात बायको गेली त्या पहाटे म्हाताऱ्याचं काम करणारा चिशू र्‍यू इथे समुद्राकडे तोंड करून उभा असतो. सेत्सुको हारा, म्हणजे त्याची विधवा सून, शोधत येते. तो म्हणतो, पहाट फार सुंदर होती. आजही उकडणार.

सिनेमात जो तो पंख्याने वारा घेत असतो. मी दोन स्वेटर घालून कुडकुडत होते. त्याची चौकट जमवायला मोबाइल घेऊन उकिडवी बसले, पण चौकटीत पूल येत होता. तो बांधला १९६८ साली, ओझू जाऊन पाच वर्षं झाल्यावर. डावीकडे सरकले तर झाड, उजवीकडे सरकले तर क्रेन. गुडघे बोलायला लागले तशी तिथेच दगडावर मांडी घातली. मोबाइल आपोआप खाली आला. पूल गेला नाहीच, पण पुढचा दिवा वर चढला आणि त्याच्या आड अर्धा झाकला गेला.

व्यायामवाल्यांतले एक आजोबा जवळ आले, माझ्याकडे, मग मोबाइलकडे बघून म्हणाले, "ओझू?" मी मान हलवली. "सामुई," ते म्हणाले आणि खांदे आवळून दाखवले. थंडी आहे. मी म्हटलं, हो, सामुई. एवढाच संवाद. ते पायऱ्या उतरून गेले.

पावणेसातच्या पुढे सूर्य आला. खाली गाडी धडधडत गेली. सिनेमाच्या शेवटी खाडीतून जाणाऱ्या होडीच्या इंजिनाची टकटक ऐकू येते, ती ऐकायची म्हणून मी खाली फेरीच्या धक्क्यावर जाऊन उभी राहिले. फेरी आली. हिचा आवाज निराळा, जाड, बसका. तरी चाळीस सेकंद रेकॉर्ड करून कंपूवर टाकला. पुण्यात तेव्हा पहाटेचे चार वाजले असतील. एकजण जागा निघाला. त्याचं उत्तर आलं: "वाराच येतोय नुसता. परत पाठव."

पुढची फेरी दहा मिनिटांनी होती. थांबले.