दोन घासांतच पोट भरतं, तेव्हा

कॅन्सरच्या पेशंटचं दोन घासांतच पोट भरतं, तेव्हा काय करायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सोलापुरात मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक हमखास म्हणतात, "मॅडम, दोन घासांत पोट भरलं म्हणतात. भूक वाढायचं टॉनिक सांगा की."

मी आधी विचारते, सकाळचं जेवण संध्याकाळी उलटीतून तसंच पडतं का? 'हो' म्हणाले, तर फक्त भुकेवर बोलून भागत नाही. जठर मंदावलं असेल, अन्न पुढे आतड्यात सरकत नसेल. केमो, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं, अन्ननलिकेच्या ऑपरेशनमध्ये दुखावलेली व्हेगस नस (जठराची हालचाल चालवणारी), जुना डायबेटिस, यांतलं काहीही कारण असू शकतं. पण गाठीनंच वाट अडवली असेल तर? म्हणून आधी एन्डोस्कोपी (दुर्बिणीनं पोटाची तपासणी) किंवा स्कॅन. तोवर पोट हलवून अन्न पुढे ढकलणारी गोळी मेडिकलमधून आणून देऊ नका.

ताटाचं बोलणं आपल्याकडे अवघड जातं. भाकरीशिवाय ताकद येत नाही, असं इथं घराघरात मानतात. पण कडक भाकरीतला चोथा आणि शेंगाचटणीतलं तेल, दोन्ही अशा पोटात रेंगाळतात. घट्ट अन्नापेक्षा पातळ लवकर पुढे जातं. म्हणून गाळलेली ज्वारीची पेज, मऊ मुगाची खिचडी, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. भेटायला येणारे डाळिंबं आणतातच. दाणे नकोत, घरी गाळलेला रस द्या. खाल्ल्यावर लगेच आडवं होऊ देऊ नका.

औषधं डॉक्टरांनीच ठरवायची. पोट हलवणारं मेटोक्लोप्रामाइड जेवणाआधी देतात, पण फार दिवस घेतलं तर तोंडाच्या, जिभेच्या आपोआप हालचाली सुरू होऊ शकतात, म्हणून ते सहसा 3 महिन्यांपलीकडे नेत नाहीत. त्याच कामाच्या डॉमपेरिडोनआधी हृदयाचा काही जुना त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा. एरिथ्रोमायसिनही पोट हलवतं, पण त्याचा गुण काही आठवड्यांत ओसरतो. ऑन्डॅनसेट्रॉन मळमळ थांबवतं, अन्न पुढे ढकलत नाही, उलट बद्धकोष्ठता करतं. मॉर्फिन मात्र स्वतःहून बंद करू नका. दुखणं अंगावर काढण्यात काही शहाणपण नाही.

एवढ्यानंही वजन उतरत राहिलं, तर लहान आतड्यात नळी घालून अन्न देता येतं. 'नळी म्हणजे शेवट' असं समजून घरचे नको म्हणतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. मंद जठराला वळसा घालून पोषण पोचवायची ती सोय आहे. पुढची केमो सोसायला अंगात बळ हवं ना?

आणि पाणीही टिकत नसेल, उलटीत रक्त किंवा काळं दिसलं, पोट फुगून वारा सरत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.