पुराच्या रेघा

सांगलीचा माणूस परक्या गावात नदीकाठी उतरला की देखावा नंतर बघतो, आधी भिंती बघतो. निदान मी तरी.

डॅन्यूबवरची आमची क्रूझ जर्मनीत पासाऊला लागली. मंडळी सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या ऑर्गनकडे निघाली. 17,974 नळ्यांचा ऑर्गन! मी मात्र काठावरच्या टाऊन हॉलच्या मनोऱ्यापाशीच अडकलो. भिंतीवर पुराच्या आडव्या रेघा, शेजारी सालं. 1954 ची बरीच वर. 2013 ची त्याहून वर. आणि सगळ्यांच्या डोक्यावर 1501! पाचशे वर्षं उलटली, तरी ती रेघ कोणाला पुसावीशी वाटलेली नाही.

‘‘अहो, चला ना, सगळे पुढे गेले.’’

गेले तर गेले. आमच्या घरी पावसाळ्यात सकाळी देवाच्याही आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती, याची चौकशी व्हायची. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. रेडिओ पातळी सांगायचा, पण आजोबांचा रेडिओवर विश्वास नव्हता. छत्री घेऊन स्वतः जायचे, येऊन ‘‘बेचाळीस’’ एवढंच म्हणायचे आणि ट्रंका माळ्यावर चढवायला लागायचे. आजीचं लक्ष नरसोबाच्या वाडीकडे. दत्ताच्या पादुकांवरून पुराचं पाणी देवळाच्या दक्षिणद्वारातून वाहायला लागलं की तिला स्नानाला जायचं असे. पाणी एकाच कृष्णेचं; तिला पर्वणी, त्यांना ट्रंका.

पासाऊलाही संगम आहे, तीन नद्यांचा. टोकाला उभं राहिलं की रंग वेगळे दिसतात. दलदलीतून आलेली इल्झ काळसर, आल्प्सचं बर्फ वितळून आलेली इन हिरवट दुधी. सरासरी पाणी इनचंच जास्त, पण पुढे नाव चालतं डॅन्यूबचं. असो, मानापमान कुठे नसतात!

2019 ला आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. आमच्या माजघरात गाळाची रेघ उमटली होती, खडूनं आखावी तशी सरळ. दिवाळीच्या आत भिंतींना रंग दिला. फिका पिवळा, वहिनीची पसंती. आता नातवंडं विचारतात तेव्हा मी भिंतीवर हात ठेवून उंची दाखवतो. भाऊ दाखवतो ती माझ्या हातापेक्षा वीतभर खाली. मग आमचं भांडण जेवणापर्यंत चालतं.